कोणता कान वर?

डावा कान वाजतो माझा. सतत. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही चालू करून त्याचा आवाज पूर्ण बंद केला की जी बारीक शिट्टी ऐकू यायची, तशी शिट्टी. दिवसा भोसरीच्या कारखान्यात, पत्रा दाबणाऱ्या यंत्रांच्या प्रेस शॉपवर असताना तिची आठवणही येत नाही. रात्री कर्वेनगरच्या आमच्या गल्लीतून शेवटची बुलेट गेली, आईने तिच्या खोलीतला टीव्ही बंद केला, की ही सुरू. सुरू म्हणजे काय, ती असतेच. बाकीचं बंद होतं.

कर्णनाद, म्हणजे असा कान वाजण्याचा त्रास असलेली माणसं एकमेकांना भेटली की डॉक्टर कोण, गोळी कोणती, हे दोन प्रश्न संपल्यावर तिसरा हमखास येतो, ‘उशी कुठली वापरता?’ मीही लोकांना तो विचारत होतो. आता माझ्या मते प्रश्न उशीचा नाहीच. झोपताना तुमचा कोणता कान खोलीकडे उघडा राहतो, हा आहे. उशी त्यानंतर.

पण आधी तपासण्यांचं सांगतो, कारण ही गोष्ट मला तिथेच कळली. फॅमिली डॉक्टरांनी कानात मळ आहे का बघितलं. नव्हता. मग त्यांनी चक्करेवर देतात ती बीटाहिस्टिनची गोळी लिहून दिली. चक्कर मला आयुष्यात आलेली नाही. गोळ्यांचं पाकीट संपलं, शिट्टी जिथल्या तिथे. पुढे वाचनात आलं की ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२० साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये नुसत्या कर्णनादासाठी बीटाहिस्टिन देऊ नये असं स्वच्छ लिहिलेलं आहे. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१४ मध्येच जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), मेलॅटोनिन आणि झिंक या तिन्हींना नको म्हटलंय. माझ्या साडूंनी दुबईहून कौतुकाने आणलेली जिंकोची बाटली आमच्या फ्रीजवर अजून आहे. टाकवत नाही आणि घेववत नाही.

कानाच्या डॉक्टरांनी ऑडिओमेट्री करून आणायला सांगितली. आवाजबंद छोटी खोली, काचेची खिडकी, कानावर हेडफोन, हातात बटण. सूर ऐकू आला की दाबायचं. त्या शांततेत माझी शिट्टी अशी काही वर आली की यंत्राची कुठली आणि माझी कुठली हे कळेना. पलीकडे बसलेल्या ऑडिओलॉजिस्ट बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी सलग सुराऐवजी तुटक, टीप्-टीप्-टीप् असा सूर लावला. माझी शिट्टी तुटक नाही, त्यामुळे वेगळी ओळखता आली.

आलेख हातात आला. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. १००० हर्ट्झपर्यंत दोन्ही रेषा व्यवस्थित, मग उतार, आणि ४००० ला दोन्हीकडे खड्डा. डाव्याचा जास्त खोल. बाईंनी कागदाकडे बघूनच विचारलं, “मोठ्या आवाजात काम करता का हो?” पॉवर प्रेसवर उमेदवारी केली, पुढे सुपरवायझर झालो, हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. खरं तर लिहिलेलंच होतं. वर्षानुवर्षं मोठा आवाज सोसलेल्या कानात ४००० हर्ट्झच्या आसपास हाच खड्डा पडतो. कारखान्यांसाठी आठ तासांना ९० डेसिबल अशी मर्यादा आहे. आमच्या शॉपवर शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागायचं, आणि इयर मफ खुंटीला टांगलेले असायचे.

डॉक्टरांचं म्हणणं असं की आवाजाने कान गेले तर ते बहुतेक दोन्ही सारखेच जातात. एका बाजूला एवढा फरक असेल आणि नादही एकाच कानात असेल, तर ऐकण्याच्या नसेवर गाठ नाही ना हे बघावं लागतं. म्हणून एमआरआय झाला, आणि तो स्वच्छ निघाला. इथे एक सांगून ठेवतो. ज्यांचा आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडतो, किंवा ज्यांना एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालंय, त्यांनी उशा शोधत बसू नये. पहिल्याने डॉक्टरांना लवकर दाखवावं, दुसऱ्याने त्याच दिवशी. अचानक गेलेल्या कानाला औषध वेळेत मिळालं तरच उपयोगाची शक्यता असते.

मग शिट्टीचं मोजमाप झालं. बाई निरनिराळे सूर ऐकवत गेल्या, मी “याहून बारीक”, “हा, हाच” करत गेलो. ६००० हर्ट्झ निघाला. आणि आवाज किती मोठा, तर मला तो सूर जेमतेम ऐकू येतो त्या पातळीच्या वर फक्त सात डेसिबल. मला जवळजवळ अपमान वाटला. ज्या आवाजाने माझी झोप खाल्ली तो पान सळसळण्याइतकाही नाही? बाई म्हणाल्या, बहुतेकांचा एवढाच निघतो. कानातल्या बारीक केसपेशी गेल्या की त्या सुरांची खबर मेंदूपर्यंत पोचत नाही, मग मेंदू स्वतःच त्या जागेची संवेदना वाढवत नेतो. तो आवाज किती त्रास देणार हे आजूबाजूला दुसरं काय ऐकू येतंय आणि तुमचं लक्ष किती आहे, यावर ठरतं.

मग त्यांनी मला एक गोष्ट करायला लावली, जी खरं तर कोणीही घरी करून बघू शकतो. “उजवा कान तळहाताने झाका.” झाकला. शिट्टी भसकन मोठी झाली. “आता तो सोडा, डावा झाका.” शिट्टी किंचित बदलली, पण एसीची घरघर, बाहेरच्या नर्सचं बोलणं, सगळं उजव्या कानातून येत राहिलं आणि शिट्टी त्यात मिसळून गेली.

“काका, झोपता कुठल्या कुशीवर?”

उजव्या. गेली कित्येक वर्षं. वाजणारा कान उशीत दाबला जाऊ नये, त्याला मोकळं ठेवावं, अशी माझी आपली समजूत. म्हणजे रोज रात्री मी माझा चांगला कान उशीत पुरत होतो आणि खोलीतले सगळे आवाज बंद करून फक्त शिट्टी ऐकत पडत होतो.

तर डाव्या कुशीवर झोपायचं. सोपं वाटतं. आपल्याकडे रविवारी जेवणानंतरची वामकुक्षी डाव्या कुशीवरच घ्यायची, हे आजोबांपासून ऐकलेलं. त्यात कुणाला वावगं वाटत नाही. अॅसिडिटी वर येणाऱ्यांना डॉक्टरही डावी कूस सांगतात, आणि मला तो त्रास होताच. पण वीस मिनिटांची वामकुक्षी वेगळी आणि सबंध रात्र वेगळी. पहिल्या रात्रीपासून तीन भानगडी निघाल्या. डावा कान उशीत घट्ट दाबला गेला की आत स्वतःची नाडी ऐकू येते, धप् धप् धप्, शिट्टीच्या जोडीला ही नवीन. कानाची पाळी दुखते. आणि डावा खांदा, जो स्कूटरवरून पडल्यापासून नाजूक आहे, तो पहाटे चारला उठवतो.

इथून उशांचं पुराण सुरू झालं.

घरात होती ती कापसाची उशी, लग्नातली. कापूस बसून तिचा दगड झाला होता. कापूस पिंजून नवीन भरून आणला तर पहिले काही दिवस डोकं आभाळात, मान वाकडी. मग पुन्हा मधोमध खळगा. आईने तिची शेवरीची उशी दिली. अतिशय मऊ, आणि तोच तिचा दोष. डोकं आत जातं, शेवरी दोन्ही बाजूंनी कानाभोवती येते आणि कान पूर्ण बंद होतो. एरवी कुणाला ते सुखाचं वाटेल. मला आत नुसती शिट्टी. मग ऑनलाइन मागवलेली मेमरी फोमची, मानेखाली उंचवटा असलेली. डिसेंबरात आली तेव्हा विटेसारखी कडक, एप्रिलमध्ये लगदा. हा फोम उष्णतेने मऊ होतो, हे जाहिरातीत गुण म्हणून लिहिलेलं असतं. पुण्यात जानेवारीची रात्र दहा अंशांची आणि एप्रिलची दुपार चाळिशीची. एकाच उशीने दोन्ही सांभाळणं कठीणच.

याच सुमारास मानेसाठी फिजिओथेरपिस्टकडे जात होतो. त्यांनी मला खुर्चीत बसवून दात घट्ट आवळायला सांगितले. शिट्टीचा सूर चढला! कपाळाला तळहात लावून डोकं पुढे रेटलं, पुन्हा बदल. जबडा आणि मान यांच्याकडून येणाऱ्या नसांचे आणि ऐकण्याच्या मार्गाचे मेंदूच्या मुळाशी संबंध आहेत, त्यामुळे काहीजणांत मान-जबड्याच्या ताणाने नाद कमीजास्त होतो. सगळ्यांत नाही. माझ्यात होतो. म्हणजे कुशीवर झोपताना गालाखाली हात घालायची माझी सवय जबडा एका बाजूला ढकलत होती. आणि पोटावर झोपणं तर बादच, कारण श्वास घ्यायला मान रात्रभर एका बाजूला पूर्ण वळवून ठेवावी लागते.

उशीची उंची काढायची त्यांची रीत मला आवडली, कारण त्यात ब्रँड नव्हता, टेप होती. भिंतीला खांदा टेकवून सरळ उभं राहायचं आणि भिंतीपासून कानाच्या वरच्या बाजूपर्यंतचं अंतर मोजायचं. डोक्याच्या वजनाने दबल्यानंतर उशी तेवढी राहिली पाहिजे. गादी मऊ असेल तर खांदा आत जातो, म्हणून थोडी कमी. माझं पाच इंचांच्या आसपास आलं. पाठीवर झोपणाऱ्याला एवढी उंच उशी नको, हनुवटी छातीला लागते. पाठीवर झोपलं तर दोन्ही कान मोकळे राहतात, माझ्या दृष्टीने आदर्शच. पण मी पाठीवर झोपलो की घोरतो, आणि मग अहो-अहो करून कुशीवर वळवलं जातं. ही तक्रार माझ्या शिट्टीपेक्षा जुनी आहे.

कान मोकळा, मान सरळ, डावी कूस. या तिन्हीसाठी उशीला मधे भोक हवं, एवढं माझ्या लक्षात आलं. कानाच्या पाळीवर दुखरी गाठ होणाऱ्यांसाठी अशा उशा असतात, परदेशात सहज मिळतात. इथे ऑनलाइन किंमत बघून मी रविवार पेठेत गेलो. ओळखीच्या गादीवाल्याला समजावलं, फोमची उशी, पाच इंच, मधे आरपार भोक.

त्याने माझ्याकडे जरा सहानुभूतीने बघितलं. आवाज खाली आणला. “काका, ती तयार मिळते मेडिकलमध्ये. मूळव्याधीची ना?”

“डोक्याला हवीय.”

“डोक्याला?” त्याने कारागिराकडे बघितलं. कारागिराने सुई थांबवली.

कान दाखवून सगळं सांगितलं. गंमत म्हणजे कारागिराच्या वडिलांच्या कानातही आवाज येतो; ते पॉवरलूमवर होते. त्यानंतर दोघांनी मनापासून लक्ष घातलं. “चाळीस डेन्सिटी घ्या, रिबॉण्ड नको, ती गालाला टोचेल,” असं कारागिरानेच ठरवलं. डेन्सिटी म्हणजे फोमची घनता, आणि रिबॉण्ड म्हणजे फोमचे तुकडे चिकटवून केलेली. मला तिथल्या फोमच्या तुकड्यावर डाव्या कुशीवर झोपवलं, दुकानाच्या ओट्यावर, भर बाजारात, आणि कानाभोवती खडूने गोल काढला. मग लांब पात्याच्या सुरीने भोक कापलं. सरळ नळीसारखं न कापता वरच्या कडा तिरक्या तासल्या, म्हणजे गालाला आणि कानशिलाला धार लागत नाही. ही त्याची स्वतःची अक्कल. माझ्या डोक्यात आलं नसतं. भोक मधोमध न ठेवता कडेच्या थोडं जवळ घेतलं, खांद्याला उशीखाली शिरायला जागा राहावी म्हणून. एवढ्या कामाचे पैसे त्याने जे सांगितले ते ऑनलाइनच्या पाव भागाइतकेही नव्हते. मी घासाघीस केली नाही, हे पुण्यात नोंदवण्यासारखं आहे.

अभ्र्याचा प्रश्न हिने सोडवला. नेहमीचा सुती अभ्रा भोकावर ताणून बसतो आणि कान पुन्हा टेकतो. हिने जुन्या बनियनचं कापड ढिलं शिवून घातलं. ते आत झुकतं, कान लोंबता राहतो. नाडीची धपधप त्याच रात्री गेली. पाळी दुखायची थांबली. शिट्टी? होती तशीच आहे. ज्या उशीने नाद बंद होतो अशी उशी जगात नाही, आणि तसं सांगून जे विकतात त्यांच्याबद्दल मला लिहायचंही नाही.

पण उजवा कान आता वर होता आणि त्याला ऐकायला काहीतरी हवं होतं. मार्च ते नोव्हेंबर पंखा. त्याची घरघर पुरते. डिसेंबर लागला की घरात सगळे गारठतात, आई खोकते, पंखा बंद होतो, आणि माझी वर्षातली सगळ्यात वाईट झोप सुरू होते. थंडीने शिट्टी वाढते असं मला वाटायचं. थंडीचा काही संबंध नाही, पंख्याचा आहे. आता थंडीत छोटा टेबल फॅन कपाटाकडे तोंड करून लावतो. वारा कपाटाला, आवाज मला. पाहुणे विचारतात, कपाटाला उकडतं का?

कुत्री भुंकतात म्हणून हिने एकदा कानात घालायचे बोळे आणून दिले होते. ते मी विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्याला जाताना वापरतो. तिथे ढोल-ताशाचा आवाज शंभर डेसिबलच्या घरात जातो, आणि आधीच खड्डा पडलेल्या कानाला तो नको. पण अंथरुणात बोळे घालणं म्हणजे शिट्टीला सभागृह मोकळं करून देणं.

पंख्याशिवाय मोबाइलवरचे आवाजही वापरून पाहिले. रेडिओ नको, कारण निवेदक बोलायला लागला की मी ऐकत बसतो. पावसाचा आवाज चांगला, पण लूप छोटा असेल तर फसगत. एका पावसात एक पक्षी होता. ठरावीक वेळाने तोच पक्षी, तशीच दोनदा चिवचिव. पाऊस राहिला बाजूला, मी रात्रभर पक्ष्याची वाट बघत पडलो. आता नुसता खर्जातला, सपाट खळाळ लावतो. ऑडिओलॉजिस्टबाईंनी एक बजावलं होतं ते खरं ठरलं. शिट्टी बुडेल इतका आवाज मोठा करायचा नाही. शिट्टी ऐकू येत राहील, पण खळाळात मिसळलेली, एवढाच ठेवायचा. पूर्ण बुडवली तर मेंदूला तिची सवय होण्याची संधीच मिळत नाही.

सवयीबद्दल थोडक्यात. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून बाहेर बसायचं, घड्याळ बघायचं नाही, सकाळी उठायची वेळ मात्र मोडायची नाही. हे एका समुपदेशकांकडे शिकलो. कर्णनादाच्या त्रासावर ज्याचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे ती हीच विचार-वर्तनाची उपचारपद्धत, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आवाज कमी होत नाही, आवाजाची भीती कमी होते. मला पहिल्यांदा हे वाक्य गुळमुळीत वाटलं होतं. पण रात्री तीनला जाग आल्यावर पूर्वी छातीत धस्स व्हायचं, तसं आता होत नाही, हे खरं. दिवसा श्रवणयंत्र लावायचा सल्लाही मिळालाय. ट्रायल चालू आहे, त्याबद्दल इतक्यात मत देत नाही.

उरला तो खांदा. सबंध रात्र डाव्या कुशीवर तो काही काढू देत नाही. पहाटे उजवीकडे वळावंच लागतं, आणि वळलं की चांगला कान खाली. यावर उपाय त्याच भोकात सापडला. उशीखाली ठेवायचे चपटे स्पीकर मिळतात, तळहाताएवढी चकती आणि बारीक वायर. डाव्या कुशीवर असताना ती बंद असते. उजवीकडे वळलो की उशी फिरवून चकती भोकाच्या तळाशी सरकवतो आणि खळाळ लावतो. चांगला कान बरोबर तिच्यावर येतो. आवाज इतका कमी लागतो की शेजारी हिला पत्ता लागत नाही. टायमर संपल्यावर आवाज झटकन तुटायचा आणि त्यानेच मला जाग यायची. मुलीने हळूहळू विरत जाणारा टायमर असलेलं अॅप शोधून दिलं, तेही मिटलं. वायर तेवढी रात्री गळ्याभोवती येते, ती आता सेफ्टी पिनने अभ्र्याला अडकवली आहे.

परवा गादीवाल्याकडे दुसरी उशी टाकलीय, या वेळी बत्तीस डेन्सिटीची, चाळीसची खांद्याच्या बाजूला जरा कडक जाते म्हणून. भोकाच्या तळाला चकतीपुरती खाच कापून ठेवा म्हटलं. कारागीर म्हणाला, वडिलांसाठी बनवली त्यात आधीच कापलीय.